राजीखुशीने व अक्कलहुशारीने

लंडन,
२३ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इकडे सर्व क्षेम आहे. दुपारी चार वाजताच अंधार पडतो. थंडीचे म्हणाल तर निफाडच्या थंडीत वाढलेल्या माणसाला तिचे फारसे कौतुक वाटत नाही. ती ओली असते, एवढाच काय तो फरक.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले होते की पाच वर्षे कायदा इंग्रजीतूनच शिकलीस, इंग्रजीतूनच परीक्षा दिल्यास, मग एवढे पैसे भरून एलएलएमला (कायद्याच्या पदव्युत्तर पदवीला) गेल्यावर तिथे पुन्हा इंग्रजीचा वर्ग कशासाठी? मी ‘तसे नाही हो बाबा’ इतकेच म्हणाले आणि तेवढ्यात आईने जेवणाचा विषय काढला. प्रश्न रास्त होता आणि त्याला दोन मिनिटांत देता येईल असे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आठवडाभर विचार करून आज लिहायला बसले आहे. बाबांच्या वकिलीच्या ऑफिसच्या भाषेत सांगायचे, तर ही माझी कैफियत समजावी.

मुख्य अभ्यासक्रम सुरू होण्याआधी आम्हाला सहा आठवडे कायद्याच्या इंग्रजीचा वर्ग होता आणि आता तो आठवड्यातून दोन तास असतो. शिकवणाऱ्या बाई पूर्वी सॉलिसिटर होत्या. वर्गात ब्राझील, पोलंड, ग्रीस, जपान, नायजेरिया अशा निरनिराळ्या देशांतली मुले आहेत आणि प्रत्येकाची अडचण निराळी आहे. ब्राझीलचा मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला की मला या विषयावरची ‘ज्युरिस्प्रुडन्स’ वाचायची आहे, तेव्हा बाईंनी त्याला कायद्याच्या तत्त्वज्ञानाची पुस्तके सांगितली. त्याला हवे होते ते न्यायालयांचे निवाडे, कारण त्याच्या पोर्तुगीजमध्ये त्याच शब्दाचा अर्थ तसा होतो. ‘ट्रस्ट’ हा शब्द त्याला कळतो, पण त्यामागची कल्पना त्याच्या देशाच्या जुन्या कायद्यात नाही, त्यामुळे आधी वस्तू समजून घ्यायची आणि मग तिचे नाव, असा त्याचा प्रवास उलट दिशेने चालू आहे. मला पहिले दोन आठवडे वाटत राहिले की आपले बरे आहे, आपला करार कायदा १८७२ चा, मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, दोन्ही इंग्रजांनी इंग्रजीतच लिहिलेले, त्यामुळे आपल्याला सगळे शब्द आधीपासून पाठ आहेत. माझी खरी अडचण त्या पाठ असण्यातच होती, हे पहिला निबंध परत आला तेव्हा कळले.

प्रश्न साधा होता. एका माणसाने दुसऱ्याशी यंत्रे पुरवण्याचा करार केला, ती उशिरा आली, तर खरेदीदाराला सल्ला द्या. माझे पहिले वाक्य ‘इट इज मोस्ट हम्बली अँड रिस्पेक्टफुली सबमिटेड’ असे सुरू होऊन ‘इन द इन्स्टंट केस’, ‘द सेड ॲग्रीमेंट’, ‘द सेम’ अशी वळणे घेत सातव्या ओळीत संपत होते. बाबांच्या फाइलींमधून हे वळण माझ्या हातात उतरले आहे, त्याबद्दल तक्रार नाही. लहानपणी टायपिस्ट भाऊसाहेबांच्या शेजारी बसून मी ते ऐकले आहे आणि मला ते भारदस्त वाटायचे. बाईंनी त्या वाक्यावर काटही मारली नव्हती. समासात पेन्सिलीने तीनच प्रश्न होते: हे कोण म्हणते आहे? कोणाला म्हणते आहे? आणि तू वकील आहेस की सल्लागार, हे आधी ठरव. खरेदीदाराला सल्ला द्यायचा असताना मी कुठल्या तरी न्यायाधीशापुढे हात जोडून उभी होते!

पुढच्या तासाला त्यांनी मला प्रत्येक ‘सेड’ काढून त्या जागी नुसता ‘द’ घालायला लावला. अकरा ठिकाणी ‘सेड’ होता. दहा ठिकाणी काढल्यावर काहीही बिघडले नाही, वाक्य फक्त हलके झाले. अकराव्या ठिकाणी मात्र बिघडले, कारण तिथे मूळ करार आणि नंतरचा पुरवणी करार असे दोन करार एकाच परिच्छेदात होते आणि कोणता ते कळेनासे झाले. तिथेसुद्धा ‘सेड’ परत आणायचा नव्हता, दोन करारांना दोन नावे द्यायची होती. आपल्याकडच्या ‘सदर’, ‘सदरहू’, ‘उपरोक्त’, ‘मजकूर’ यांची मला तेव्हा आठवण झाली. ‘मजकूर इसमाने सदरहू मिळकतीवर’ असे वाचताना किती वेळा आपण मागच्या पानावर जाऊन पाहतो की इसम कोणता आणि मिळकत कोणती! जो शब्द नेमकेपणासाठी आला, तोच नेमकेपणाचे काम न करता नुसता ओळीत बसून राहतो.

दुसरी गोष्ट अशी की, या वर्गात ज्या शब्दांचा धडा होतो ते अवघड शब्द नसतातच. ‘रेस ज्युडिकाटा’सारखे लॅटिन कोणीही कोशात पाहून घेईल. फसवतात ते रोजचे शब्द. ‘एक्झिक्यूट’ म्हणजे फाशी देणे असे समजणाऱ्या मुलीला दस्तऐवज ‘एक्झिक्यूट’ केला म्हणजे रीतसर सह्या करून पुरा केला, हे सांगावे लागते. ‘पार्टी’ला केक नसतो, ‘इन्स्ट्रुमेंट’ वाजत नाही, ‘कन्स्ट्रक्शन’ म्हणजे बांधकाम नव्हे तर शब्दांचा लावलेला अर्थ, आणि ‘डॅमेज’ म्हणजे नुकसान असले तरी ‘डॅमेजेस’ म्हणजे त्या नुकसानीची भरपाई. आमच्या जपानी मैत्रिणीने एका ‘स’ने सगळा निबंध उलटा करून ठेवला होता.

आईला हे विचित्र वाटेल, पण आई, तू बाबांच्या ऑफिसात चहा घेऊन जातेस तेव्हा हेच ऐकत असतेस. तुझ्यासाठी कैफियत म्हणजे गाऱ्हाणे. बाबांसाठी ते प्रतिवादीचे लेखी उत्तर. तुझ्यासाठी दरखास्त म्हणजे विनंती. त्यांच्यासाठी हुकूमनाम्याची अंमलबजावणी. बोजा तू डोक्यावरून उतरवतेस. ते सातबाऱ्यावरून उतरवतात. ज्या माणसाला हे दोन अर्थ एकाच शब्दात सांभाळण्याची सवय आहे, त्याला परक्या भाषेतही ते जमायला हवे, असे मी मनाला समजावते.

सगळ्यांत जास्त वेळ ‘कन्सिडरेशन’वर गेला. रोजच्या इंग्रजीत त्याचा अर्थ विचार किंवा दुसऱ्याची कदर. करारात मात्र मोबदला. इंग्लंडच्या कायद्यात मोबदला पुरेसा आहे की नाही, हे न्यायालय मोजत नाही, फक्त तो काहीतरी असावा लागतो, आणि ते काहीतरी मिरीचा एक दाणाही असू शकते. चॅपेल विरुद्ध नेस्ले या खटल्यात चॉकलेटची तीन रिकामी वेष्टने पाठवली की गाण्याची तबकडी स्वस्तात मिळत होती. कंपनी ती वेष्टने फेकूनच देत असे, तरीही ती मोबदल्याचा भाग ठरली, आणि लॉर्ड सॉमरव्हेल यांनी लिहिले की घेणाऱ्याला मिरी आवडत नाही व तो दाणा टाकून देणार आहे, एवढ्यावरून तो मोबदला म्हणून कमी पडत नाही. गंमत पुढे आहे. माया हा मात्र इथे मोबदला होत नाही. केवळ प्रेमापोटी दिलेले वचन बंधनकारक करायचे तर ते विधिवत ‘डीड’ म्हणून लिहावे लागते. आपल्या १८७२ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये मात्र जवळच्या नात्यातल्या माणसांनी नैसर्गिक प्रेमापोटी केलेला, लिहून नोंदवलेला करार मोबदल्याशिवायही टिकतो. मी हे वर्गात सांगितले, तेव्हा ग्रीसची मुलगी म्हणाली की तुमचा कायदा जास्त माणसाळलेला दिसतो. मी मान हलवली आणि ‘नोंदणीचे शुल्क वेगळे पडते’ हे सांगायचे टाळले.

आता ज्या तासाने मला हे पत्र लिहायला बसवले, त्याबद्दल लिहिते. विषय होता जोडशब्दांचा: ‘गुड्स अँड चॅटल्स’, ‘विल अँड टेस्टामेंट’, ‘ब्रेकिंग अँड एंटरिंग’, ‘फिट अँड प्रॉपर’. एका गोष्टीला दोन दोन शब्द कशाला, असे बाईंनी विचारले आणि कोणालाच नीट सांगता येईना. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर पुढची काही शतके दरबाराची आणि न्यायालयाची भाषा फ्रेंच, दप्तराची लॅटिन आणि बाजारातल्या माणसाची इंग्रजी अशी तीन मजली व्यवस्था झाली. १३६२ मध्ये कायदा करून सांगावे लागले की खटले इंग्रजीत चालवा, कारण लोकांना आपल्यावर काय आरोप आहे तेच कळत नाही. आणि तो कायदासुद्धा फ्रेंचमध्ये लिहिला गेला. नोंदी लॅटिनमध्येच राहिल्या. न्यायालयाचे दप्तर पूर्णपणे इंग्रजीत यायला १७३३ उजाडावे लागले. ‘गुड्स’ हा शब्द इंग्रजांचा आणि ‘चॅटल्स’ फ्रेंचांकडून आलेला. ‘विल’ इंग्रजी आणि ‘टेस्टामेंट’ लॅटिन. दस्त लिहिणाऱ्याने दोन्ही शब्द शेजारी ठेवले, म्हणजे कोणत्याही भाषेच्या माणसाला पळवाट राहू नये. पुढे भाषांचे भांडण मिटले, पण जोड्या तशाच राहिल्या आणि त्यांचा ताल लोकांच्या कानात बसला.

बाईंनी विचारले की तुमच्या भाषांमध्ये असे काही आहे का? पोलंडची मुलगी विचार करत होती, पण बाबा, माझ्या तोंडून एकदम ‘कागदपत्र’ निघाले. कागद फारसीतून आलेला, पत्र संस्कृत. मग धनदौलत, रीतिरिवाज, बाजारहाट असे एकामागून एक शब्द आठवत गेले. आणि तुम्ही लिहिता त्या प्रत्येक खरेदीखतातले ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’! त्यात दोन्ही बाजूंना फारसी-अरबीच आहे, पण खाली मिळकतीच्या वर्णनात मात्र ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह’ असे संस्कृतचे गाठोडे येते. बहामनी आणि आदिलशाही दप्तरांनी ठेवलेले शब्द आणि शास्त्री-कुलकर्ण्यांच्या घरातले शब्द एकाच पानावर मुद्रांकाच्या खाली नांदत असतात. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे शाळेत पाठ केले होते, परंतु कोर्टातून फिर्याद, वकील, दाखल, तारीख हे शब्द काही हलले नाहीत. मी हे सगळे फळ्यावर लिहून दाखवले तेव्हा माझी पंधरा मिनिटे बोलून झाली होती. पहिल्या निबंधानंतर वर्गात मी इतके सलग बोलल्याचा तो पहिलाच प्रसंग.

त्याच ओघात आणखी एक गोष्ट कळली, तिचे बाबांना हसू येईल. १९९९ च्या एप्रिलमध्ये इथे दिवाणी कामकाजाचे नवे नियम लागू झाले, तेव्हा बरेच शब्द मोडीत काढले गेले. वादीला ‘प्लेंटिफ’ म्हणायचे बंद करून ‘क्लेमंट’ म्हणू लागले, ‘प्लीडिंग’चे ‘स्टेटमेंट ऑफ केस’ झाले, ‘डिस्कव्हरी’चे ‘डिस्क्लोजर’, आणि अज्ञान मुलाच्या वतीने दावा चालवणारा ‘नेक्स्ट फ्रेंड’ आता ‘लिटिगेशन फ्रेंड’ झाला आहे. मी सवयीने ‘प्लेंटिफ’ लिहिले की बाई म्हणतात, तू माझ्या विद्यार्थिदशेतली इंग्रजी बोलतेस. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत प्लेंट आणि प्लेंटिफ अजून आहेतच. म्हणजे ज्या शब्दांना इंग्लंडने निवृत्त केले, ते निफाडच्या कोर्टात आजही अकरा वाजता हजर होतात.

निवाडे मोठ्याने वाचण्याचाही एक तास झाला. त्यात मी पहिल्याच ओळीला अडखळले, कारण दिवाणी खटल्याच्या नावामधला ‘व्ही’ इथे ‘व्हर्सस’ असा वाचत नाहीत, ‘अँड’ असा वाचतात, आणि फौजदारी असेल तर ‘अगेन्स्ट’. न्यायाधीशाच्या आडनावापुढचा ‘जे’ म्हणजे ‘मिस्टर जस्टिस’ किंवा ‘मिसेस जस्टिस’, तो ‘जे’ असा उच्चारायचा नसतो. निवाड्याच्या संदर्भात वर्षाभोवती चौकोनी कंस असेल तर त्या वर्षाशिवाय निवाडेसंग्रहाचा खंड सापडणार नाही, गोल असेल तर खंडाचा क्रमांकच पुरेसा. एवढे सांगून पुढे जाते. या गोष्टी चार दिवसांत अंगवळणी पडतात.

पण एका निवाड्यावर मात्र आम्ही तीन तास घालवले आणि बाबांनी तो मिळवून जरूर वाचावा, कारण त्यात क्रिकेट आहे. १९७७ चा मिलर विरुद्ध जॅक्सन. डरहॅम परगण्यातल्या लिंट्झ गावात सत्तरएक वर्षे क्रिकेटचे मैदान होते. त्याला लागून घरे बांधली गेली, त्यातले एक मिलर पतिपत्नींनी घेतले, आणि चेंडू कुंपणावरून त्यांच्या बागेत येऊ लागले. खालच्या न्यायाधीशांनी खेळ बंद करण्याचा मनाईहुकूम दिला. अपिलात लॉर्ड डेनिंग यांचे निकालपत्र सुरू होते ते ‘उन्हाळ्यात गावचे क्रिकेट म्हणजे सगळ्यांचा आनंद’ अशा अर्थाच्या वाक्याने. मग छोट्या छोट्या वाक्यांत ते मैदान, त्याची निगा, संध्याकाळी उजेड असेपर्यंत सराव करणारी तरुण मुले दाखवत जातात. घर घेणारा माणूस त्यांच्या लेखणीतून ‘नवा आलेला, क्रिकेटची आवड नसलेला’ म्हणून येतो. घरांच्या जागी पूर्वी गुरे चरत आणि त्या जनावरांची क्रिकेटला काही हरकत नव्हती, असेही ते लिहितात. कायद्याचे एक कलम येण्याआधीच वाचणाऱ्याच्या मनात मिलर हरलेले असतात.

आणि मग लॉर्ड जस्टिस जेफ्री लेन यांचे निकालपत्र उघडायचे. मैदान तेच, चेंडू तेच. पण इथे विटांचे टवके, फुटलेली कौले आणि बागेत बसायची भीती, अशी कोरडी जंत्री आहे. ती वाचताना क्रिकेट हळूहळू मागे सरकते आणि घर पुढे येते. शेवटी दोन न्यायाधीशांच्या मते उपद्रव सिद्ध झाला, पण मनाईहुकूम मात्र दोघांच्या बहुमताने उठला, कारण तिसऱ्या न्यायाधीशांनी अर्धे या बाजूला आणि अर्धे त्या बाजूला मत दिले. क्रिकेट चालू राहिले आणि मिलर यांना चारशे पौंड भरपाई मिळाली.

बाईंनी आम्हाला दिलेले काम असे होते की डेनिंग यांनी सांगितलेलीच हकीकत, एकही गोष्ट खोटी न घालता, मिलरबाईंच्या बाजूने दोनशे शब्दांत लिहायची. विशेषणे वापरायची नाहीत. मी चार वेळा लिहिले. बाबा, तुम्ही ज्युनिअर वकिलांना सांगता ना की दावा युक्तिवादात नाही, हकिकतीत जिंकायचा असतो? ते वाक्य मी पंधरा वर्षे ऐकत आले, पण क्रियापद कोणते, कर्ता कोण आणि कोणती गोष्ट आधी सांगितली यातून ते कसे घडते, हे त्या चौथ्या कच्च्या मसुद्यात पहिल्यांदा हाताला लागले. लॉर्ड डेनिंग यांच्या छोट्या वाक्यांची मोहिनी सगळ्या वर्गावर पडली. माझ्यावरही पडली, पण मला अजून वाटते की मिलरबाईंच्या जागी मी असते, तर ते ‘आनंद’ वाचून मला रडू आले असते.

बोलण्याची गोष्ट वेगळी आहे आणि त्यात माझी प्रगती बेताची आहे. अभिरूप न्यायालयात आम्हाला ‘आय थिंक’ म्हणायची बंदी आहे. वकिलाला काय वाटते याच्याशी न्यायालयाला कर्तव्य नसते, म्हणून ‘माय सबमिशन इज’ म्हणायचे. न्यायाधीशाचे म्हणणे खोडताना ‘विथ रिस्पेक्ट’ म्हटले तर साधी असहमती, ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हटले तर आपण चुकता आहात, आणि ‘विथ द अटमोस्ट रिस्पेक्ट’ म्हटले की हे बोलणे ऐकवत नाही, असा या पायऱ्यांचा अर्थ लोक हसत हसत लावतात. माझी चूक निराळीच झाली. न्यायाधीश झालेल्या प्राध्यापिकांनी मध्येच प्रश्न विचारला आणि मी पाठ केलेला परिच्छेद पुरा केल्याशिवाय थांबलेच नाही. निफाडच्या कोर्टात साहेबांनी नुसता चष्मा काढला तरी बाबा वाक्य अर्धवट सोडून गप्प होतात, हे माझ्या डोळ्यांसमोर होते आणि तरीही मी बोलतच राहिले. माझ्या गुणपत्रिकेवर त्याची नोंद आहे.

त्या दिवशी उदास होऊन लिंकन्स इन या बॅरिस्टरांच्या जुन्या संस्थेच्या बाजूने चालत गेले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी तिथल्या. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, तीही खास परवानगी काढून, आणि बॅरिस्टर म्हणून उभे राहण्याची मुभा त्यांना १९२३ साली मिळाली, कारण १९१९ पर्यंत ते दार बायकांना बंदच होते. भाषा येत होती, कायदा येत होता, फक्त उभे राहून बोलायचे नव्हते, आणि ते वर्षानुवर्षे. मला तर नुसते थांबायचे शिकायचे आहे. तेवढे मनात धरून परतले.

आता जे काम हातात आहे त्याकडे येते, कारण त्यात मला तुमची मदत हवी आहे. सत्राच्या शेवटी प्रत्येकाने आपल्या देशातला एक खरा दस्तऐवज साध्या इंग्रजीत उतरवायचा आहे. त्यासाठी जी नियमावली दिली आहे तिच्यातला पहिला नियम ‘शॅल’ वापरायचा नाही, हा आहे. ‘शॅल’ कधी सक्ती सांगतो, कधी भविष्यकाळ, तर कधी नुसती स्थिती, म्हणून सक्ती असेल तिथे ‘मस्ट’, मुभा असेल तिथे ‘मे’ आणि वस्तुस्थिती असेल तिथे साधा वर्तमानकाळ लिहायचा. मी आजोबांच्या १९६३ च्या खरेदीखताचा तुम्ही पाठवलेला फोटो निवडला, आणि मग लक्षात आले की आपल्याकडे ‘शॅल’चे काम ‘राहील’ करते. ‘ताबा लिहून घेणार यांचा राहील’ ही वस्तुस्थिती, ‘बोजा निघाल्यास त्याची जबाबदारी लिहून देणार यांची राहील’ ही सक्ती, ‘वहिवाटीने जाण्यायेण्याचा हक्क राहील’ ही मुभा. एकच शब्द, तीन इंग्रजी. प्रत्येक ‘राहील’पाशी थांबून ठरवावे लागते की इथे दस्त लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते.

जल, तरू, तृण मी घेऊन टाकले. निधिनिक्षेपाला जमिनीत पुरलेले धन असे सरळ लिहिले आणि वर्ग खूश झाला. पण तिसऱ्या पानावर गाडी अडली आहे. तिथे लिहिले आहे: ‘विहिरीच्या पाण्याची पाळी दर चौथे दिवशी लिहून घेणार व त्यांचे धाकटे बंधू यांची राहील.’ मराठीत हे वाक्य मी लहानपणापासून ऐकले आहे आणि ते मला कधी संदिग्ध वाटले नाही. इंग्रजीत उतरवताना मात्र बाईंनी विचारले की हा ‘व’ म्हणजे ‘जॉइंटली’ की ‘सेव्हरली’? म्हणजे चौथ्या दिवसाची ती एकच पाळी आजोबा आणि धाकटे आजोबा मिळून वापरायचे, का दोघांची स्वतंत्र पाळी होती आणि चौथा दिवस एकदा यांचा, एकदा त्यांचा? पहिला अर्थ घेतला तर प्रत्येकाला अर्धा दिवस पाणी मिळते, दुसरा घेतला तर आठव्या दिवशी पूर्ण दिवस. उसाला आणि कांद्याला या दोन्हींत किती फरक पडतो, ते मी बाईंना सांगितले, पण दस्तात काय आहे ते सांगू शकले नाही.

दस्त लिहिणारे आता हयात नाहीत. बाबांनी कृपया दोन गोष्टी कराव्यात. दस्ताच्या मागच्या बाजूला जर काही शेरा किंवा पुरवणी असेल तर तिचाही फोटो पाठवावा, आणि आजीला विचारावे की त्या वर्षांत मोट कोणत्या दिवशी कोण हाकीत होते, आजोबा आणि धाकटे आजोबा एकाच दिवशी विहिरीवर असत की आळीपाळीने. आजीला ‘दस्तात काय आहे’ असे विचारू नये, कारण मग ती बाबांना काय हवे आहे ते ओळखून तसेच सांगेल. नुसते त्या दिवसांबद्दल बोलू द्यावे. माझी मुदत ५ डिसेंबरची आहे, तेव्हा त्याआधी कळवावे.

आईने पाठवलेली मेतकुटाची बरणी अर्धी संपली आहे. आजीला माझा नमस्कार सांगावा, धाकट्यास आशीर्वाद. कळावे, लोभ असावा ही विनंती.

तुमची,
ताई